दरारा आणि दिलासा : शिवरायांचे मनोयुद्ध

युद्धाचा निकाल रणांगणावर लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक लढायांचा निकाल पहिला वार होण्यापूर्वीच लढणाऱ्यांच्या मनात लागलेला असतो. ज्याचा धीर खचला त्याच्या हातातील शस्त्र निरुपयोगी ठरते. शत्रूची इच्छाशक्ती, त्याची निर्णयक्षमता आणि त्याच्या माणसांचा एकमेकांवरील विश्वास यांवर आघात करणे, तसेच आपल्या माणसांचे मनोधैर्य टिकवून धरणे, याला मानसशास्त्रीय युद्ध म्हणतात. ही संज्ञा विसाव्या शतकातील आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी या कामासाठी स्वतंत्र लष्करी विभाग उभारला, विमानांतून पत्रके टाकली, आकाशवाणीवरून प्रचार केला. मात्र यामागील विचार फार जुना आहे. चीनमधील सुन त्झू याने फसवणूक हा युद्धाचा पाया मानला, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शत्रूच्या गोटात भेद पाडण्याच्या उपायांचा सविस्तर विचार आढळतो.

मराठी भाषेला तर हा विषय मुळीच परका नाही. आवई, हूल, वचक, दरारा, जरब हे आपले रोजच्या वापरातले शब्द याच युद्धाच्या परिभाषेतले आहेत. एखाद्याला चकवले की त्याला कात्रजचा घाट दाखवला, असे आपण सहज म्हणून जातो. तो घाट ओलांडून साताऱ्याच्या दिशेने निघाले की पुण्यापासून सुमारे पस्तीस किलोमीटरवर नसरापूर लागते. बनेश्वराच्या मंदिरामुळे पुणेकरांना परिचित असलेल्या या गावावरूनच वेल्ह्याकडे, म्हणजे राजगड आणि तोरण्याकडे वाट जाते. भोर-वेल्ह्याच्या याच खोऱ्यांत शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध घडला आणि मनोयुद्धातील त्यांचे पहिले प्रयोगही येथेच झाले.

उजाड मुलखातील पहिले पाऊल

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांची पुणे जहागीर उद्ध्वस्त केली. त्याने पुण्यावर गाढवांचा नांगर फिरवला आणि भूमीत लोखंडी पहार ठोकली, असे परंपरा सांगते. गाव जाळल्याने घरे जातात आणि ती पुन्हा बांधता येतात. परंतु या भूमीवर पुन्हा वस्ती करणाऱ्याचा निर्वंश होईल, ही भीती मनात रुजली की घर बांधायला कोणी धजत नाही. नांगर फिरवण्याचा हेतू तोच होता. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी पुण्यास आल्यावर त्याच जमिनीवर सोन्याचा फाळ लावलेला नांगर फिरवण्यात आला, असेही परंपरा सांगते. या कथेतील तपशील बाजूला ठेवले तरी तिच्यातील मर्म खरे आहे. ओसाड मुलूख वसवायचा तर आधी लोकांच्या मनातील धास्ती काढावी लागते, हे लाल महालातील मंडळींनी ओळखले होते.

सोळा वर्षांच्या शिवाजी महाराजांचे धोरण पुढच्याच एका प्रकरणात स्पष्ट झाले. भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला. पाटील हा गावचा प्रतिष्ठित वतनदार होता आणि अशा माणसाला सहसा शिक्षा होत नसे. महाराजांनी चौकशी करून त्याचे हातपाय तोडविले आणि त्याची पाटीलकी काढून घेतली. १६४६ मधील त्या निवाड्याच्या पत्रावर महाराजांची प्रसिद्ध राजमुद्रा आहे. ती संस्कृतमध्ये आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्रा रूढ पद्धतीप्रमाणे फारसीत होत्या. बारा मावळांतील जहागिरीचा तरुण धनी आपली ओळख वाढत जाणाऱ्या चंद्रकोरीशी सांगतो आणि ती प्रजेच्या कल्याणाशी जोडतो, ही घोषणा शस्त्राविना केलेली होती. एका निवाड्याने दुर्बलाला दिलासा मिळाला आणि बलदंडाला वचक बसला. महाराजांच्या मनोयुद्धाच्या या दोन बाजू अखेरपर्यंत एकमेकींपासून वेगळ्या झाल्या नाहीत.

मावळची कसोटी

तोरणा ताब्यात आल्यावर शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार तेथून चालला. या काळातील सर्वांत मोठी कसोटी १६५९ साली आली. विजापूरच्या दरबाराने अफझलखानाला मोठ्या फौजेनिशी रवाना केले. खान स्वतः मनोयुद्धात मुरलेला होता. त्याने तुळजापूर आणि पंढरपूर येथील देवस्थानांना उपद्रव दिला. फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांना कैदेत टाकले. बजाजी हे महाराजांच्या पत्नी सईबाई यांचे बंधू. महाराजांनी चिडून डोंगर सोडावा आणि सपाटीवर लढाईस यावे, हा खानाचा अंदाज होता. देव आणि आप्त दोघांचीही विटंबना होत असताना डोंगरात बसून राहणे हे त्या काळी भेकडपणाचे लक्षण ठरले असते.

त्याच वेळी मावळातील देशमुखांना विजापूरची फर्माने पोहोचली. रोहिडखोऱ्याचे देशमुख, कारीचे कान्होजी जेधे यांना जून १६५९ मध्ये असे फर्मान आले. खानाच्या सेवेत रुजू झाल्यास वतन सुरक्षित, अन्यथा सर्वनाश, असा त्याचा आशय होता. वतन हा देशमुखाचा प्राण. बापजाद्यांपासून चालत आलेली जमीन, मान आणि घराण्याचे नाव त्यात गुंतलेले. दुसरीकडे होता तिशीही न गाठलेला एक राजा, ज्याच्याजवळ खानाच्या मानाने थोडके सैन्य होते. पराभव होणार हे बहुतेकांना उघड दिसत होते.

कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह राजगडावर आले. महाराजांनी त्यांना आग्रह केला नाही. उलट, इतर देशमुख जात आहेत तेव्हा तुम्हीही जावे, जिवाला व वतनाला धोका कशाला, असे सुचविले. ती परीक्षा होती, आणि आदरही होता. कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले आणि इमानाची शपथ घेतली. भीतीचे फर्मान एका जुन्या, जाणत्या देशमुखाच्या बाबतीत निष्फळ ठरले. त्याचा परिणाम कारीपुरता राहिला नाही, इतर मावळे देशमुखांच्या मनातील चलबिचलही त्याने थांबली. त्याच खोऱ्यातील उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले.

शत्रूला हवे तसे दिसणे

खानाच्या डिवचण्याला महाराजांनी प्रत्युत्तर दिले नाही. ते राजगडाहून प्रतापगडावर गेले आणि आपण घाबरलो आहोत असे खानाला पटवून देण्याचे काम त्यांनी पद्धतशीरपणे केले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आला तेव्हा नम्रता दाखवली. स्वतःचा वकील पंताजी गोपीनाथ याच्यामार्फत, खानाच्या भेटीस वाईला येण्याचे धैर्य होत नाही, खानानेच जावळीत यावे, अशी विनवणी केली. खानाच्या अहंकाराला हे सहज पटले, कारण त्याची स्वतःविषयीची कल्पना नेमकी अशीच होती. शत्रूला नवे काही पटवण्यापेक्षा जे त्याला आधीच खरे वाटते त्यालाच दुजोरा देणे सोपे असते, हे या प्रकरणाचे मर्म.

हत्ती, तोफा आणि घोडदळ ज्या अरण्यात कुचकामी ठरणार होते, त्या अरण्यात खान आपल्या पायांनी आला. भेटीसाठी उभारलेला शामियाना किमती वस्तूंनी सजवला होता. भ्यालेला माणूस नजराणे देऊन जीव वाचवू पाहतो, असा भास त्यातून होत होता. ऐन वेळी, आपल्याला सय्यद बंडाची भीती वाटते असे सांगून महाराजांनी त्या पटाईत धारकऱ्याला दूर करविले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी भेटीत खान मारला गेला आणि जंगलात दबा धरून बसलेल्या मराठ्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. ज्या दिवसांत महाराज हे सारे भ्यालेपणाचे सोंग वठवत होते, त्याच दिवसांत, ५ सप्टेंबरला, राजगडावर सईबाईंचे निधन झाले होते.

विजयानंतर थांबणे त्यांच्या स्वभावात नव्हते. खान पडल्याच्या बातमीने आदिलशाही ठाणी हबकलेली असतानाच मराठी फौजा पुढे सरकल्या आणि अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा हाती आला. दुसरीकडे शरण आलेल्यांना अभय मिळाले आणि मेलेल्या खानाचे विधिपूर्वक दफन झाले. खंडोजी खोपडे मात्र सुटले नाहीत. कान्होजींच्या रदबदलीमुळे त्यांचा जीव वाचला, पण फितुरीची शिक्षा म्हणून त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. आजच्या दृष्टीला ही शिक्षा क्रूर वाटते. परंतु कान्होजींनी पणाला लावलेले वतन आणि खंडोजींनी धरलेली वाट यांची किंमत सारखीच ठरली असती, तर पुढच्या संकटात मावळात कोणी कोणाच्या भरवशावर उभे राहिले असते, हाही प्रश्न होता.

सुरक्षिततेची भावनाच संपली

१६६० मध्ये औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान पुण्यात आला आणि लाल महालातच मुक्काम ठोकून बसला. महाराजांचे बालपण गेले त्या घरात शत्रूने राहावे, यातही अपमानाचा डाव होता. तीन वर्षे मुलूख होरपळत राहिला. खुल्या लढाईत एवढ्या फौजेचा पराभव करणे शक्य नव्हते. तेव्हा महाराजांनी फौजेला सोडून सेनापतीलाच लक्ष्य केले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, रमजानच्या दिवसांत, निवडक माणसांसह ते लाल महालात शिरले. खानाचा मुलगा मारला गेला, खानाची बोटे तुटली आणि हल्लेखोर अंधारात निघून गेले.

लष्करी हिशोबाने मोगलांचे नुकसान फार नव्हते. फौज जशीच्या तशी होती, तोफा होत्या, खजिना होता. पण प्रचंड छावणीच्या मधोमध, जनान्यात झोपलेला सुभेदारही सुरक्षित नाही, ही जाणीव त्या फौजेला कायमची चिकटली. खान थोड्याच दिवसांत पुण्यातून निघून गेला आणि औरंगजेबाने त्याची रवानगी बंगालकडे केली. राजा जसवंतसिंह जवळच असताना हे घडले कसे, असा संशय मोगलांच्याच गोटात घेतला जाऊ लागला. शत्रूच्या सरदारांचा एकमेकांवरचा विश्वास उडणे हे तुटलेल्या बोटांपेक्षा मोठे यश होते. कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्या वाटेला लावल्याची गोष्ट दंतकथा म्हणून सांगितली जाते. लोकांनी ती जपली आणि भाषेने तिचा वाक्प्रचार केला.

यानंतर दंतकथा स्वतःच शस्त्र बनल्या. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तेथील इंग्रज वखारीच्या पाद्र्याने नोंद केली की, हा पुरुष वायुरूप असून त्याला पंख आहेत, असे लोक बोलतात. एका रात्री येथे तर दुसऱ्या रात्री भलतीकडे दिसणाऱ्या माणसाबद्दल शत्रूच्या मुलखात असेच बोलले जाणार. सुरतेचा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात लपला. लुटीतही विवेक होता. कापुचिन पंथाच्या मठाला धक्का लागला नाही, आणि दानधर्मासाठी प्रसिद्ध असलेल्या एका दिवंगत दलालाच्या घरालाही अभय मिळाले. १६७० मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. त्यानंतर मराठे येत असल्याची नुसती आवई उठली तरी व्यापारी माल हलवत, दुकाने बंद होत आणि बंदराचा व्यवहार थंडावे. एकही घोडा न हलता साधलेला हा परिणाम होता.

उलटलेला डाव

मनोयुद्ध महाराजांनाच अवगत होते, असे मात्र नाही. १६६५ मध्ये आलेला मिर्झाराजा जयसिंह त्यांच्या तोडीचा होता. पुरंदरला वेढा घालतानाच त्याने आजूबाजूच्या सत्तांना आणि जमीनदारांना आपल्याकडे वळविले, महाराजांच्या माणसांना आमिषे दाखवली आणि दाऊदखानाला राजगड, रोहिडा, सिंहगड यांच्या परिसरात धाडून गावे बेचिराख करविली. किल्ले भक्कम होते, पण पायथ्याची गावे उघडी होती. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील रयतेने ते दिवस भोगले. किल्ल्यावरून जळती गावे पाहणाऱ्या माणसाचा धीर खचवणे हाच त्यामागचा हेतू होता. रयतेची होरपळ आणि पुरंदरचा शेवट ओळखून महाराजांनी जून १६६५ मध्ये तह केला. तेवीस किल्ले गेले आणि बारा उरले. उरलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. पुढे नेताजी पालकरांसारखा सेनापतीही मोगलांकडे गेला. १६७६ मध्ये नेताजी परतले तेव्हा महाराजांनी त्यांना शुद्ध करून पुन्हा जवळ केले. गेलेल्याला परतीची वाट मोकळी ठेवणे हाही शत्रूच्या गोटावरचा घावच होता.

तहानंतर महाराज आग्र्याला गेले आणि १२ मे १६६६ च्या दरबारानंतर नजरकैदेत अडकले. तेथे त्यांच्याजवळ ना सैन्य होते ना किल्ला. उरले होते ते केवळ पहारेकऱ्यांच्या मनावर काम करणे. त्यांनी आपल्या लोकांना परत पाठवण्याची परवानगी मागितली. पाठबळ कमी होतेय म्हटल्यावर पहारा निर्धास्त झाला. मग आजारपणाचे निमित्त आणि दानासाठी बाहेर जाणारे पेटारे. रोजची गोष्ट माणूस तपासेनासा होतो, हा अनुभव पहारेकऱ्यांनाही चुकला नाही. १७ ऑगस्टला महाराज निसटले. संभाजीराजांना मथुरेस मागे ठेवून त्यांच्या मृत्यूची हूल उठवण्यात आली. मेलेल्याचा शोध कोणी घेत नाही, म्हणून मुलगा सुखरूप राहिला.

सिंहासन, शिस्त आणि मर्यादा

१६७० नंतर राजधानी रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. त्याच्या धार्मिक आणि राजकीय बाजूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मनोयुद्धाच्या अंगाने पाहता, बंडखोर जहागीरदार ही शत्रूने दिलेली ओळख त्या दिवशी पुसली गेली. नवा शक, स्वतःची नाणी, राज्यव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, या साऱ्यांनी प्रजेला हे राज्य आपले असल्याची खात्री दिली. पाठोपाठ जुलै महिन्यात दोन हजार स्वारांच्या तुकडीने बहादूरखानाला पेडगावच्या छावणीतून दूर ओढून नेले आणि दुसऱ्या फौजेने ती रिकामी छावणी लुटली. पुढच्या वर्षी त्याच खानाला तहाच्या बोलण्यात झुलवत ठेवून महाराजांनी फोंडा घेतला. एकदा फसलेला माणूस पुन्हा फसतो, जर तहाची इच्छा त्याची स्वतःची असेल.

तरीही या अस्त्राला मर्यादा होत्या. जंजिऱ्याच्या सिद्दीवर ते चालले नाही. समुद्रातील किल्ला, चिवट आरमारी शत्रू आणि बाहेरून मिळणारी कुमक यांच्यापुढे दराऱ्याचा उपयोग झाला नाही आणि जंजिरा अखेरपर्यंत अजिंक्य राहिला.

महाराजांची खरी समज दिसते ती चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात धाडलेल्या आज्ञापत्रात. शेतकऱ्याच्या दाण्याला, गवताला, भाजीच्या देठालाही हात लावू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, अन्यथा रयतेला मोगल परवडले असे वाटेल, असा त्या पत्राचा आशय आहे. रयतेच्या मनात आपल्या फौजेची प्रतिमा काय असावी, याचा एवढा बारीक विचार त्या काळातील राजाने करावा, हे विलक्षण आहे. शत्रूला घाबरवणे तुलनेने सोपे असते. आपल्या माणसांना आपली भीती वाटू न देणे कठीण असते, कारण ते एका रात्रीच्या छाप्याने साधत नाही.

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले. त्यानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १७०४ मध्ये त्याने राजगड आणि तोरणा घेतले आणि राजगडाचे नबीशहागड, तर तोरण्याचे फुतूह-उल-गैब असे नामकरण केले. किल्ला जिंकल्यावर त्याचे नाव पुसणे हाही मनोयुद्धाचाच भाग. परंतु ती नावे रुजली नाहीत. १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनच्या मातीतच मरण पावला आणि किल्ले पुन्हा मराठ्यांकडे आले. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, तर २०२५ मध्ये राजगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

महाराजांच्या दराऱ्याच्या कथा सर्वतोमुखी आहेत. पण राजा गेल्यावर सत्तावीस वर्षे लोक लढत राहिले, ते दराऱ्यामुळे नव्हे. दरारा माणसाबरोबर संपतो. १६५९ साली कारीच्या देशमुखाने वतनावर पाणी सोडले, ते ज्या विश्वासापोटी सोडले, तो विश्वास मात्र राजामागेही या खोऱ्यांत टिकून राहिला. मनोयुद्धातील महाराजांचा सर्वांत मोठा विजय तोच होता.